दरवाजे बंद, तरी नदी वाढते : तोतलाडोह ते कोलाड, काही पक्के गैरसमज

पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचे 14 दरवाजे उघडले की नागपुरात त्याची बातमी होते. मोबाइलवर व्हिडिओ फिरतात आणि रविवारी सकाळी गाड्या पारशिवनीच्या रस्त्याला लागतात. पण एरवी वर्षभर त्याच धरणातून पाणी कधी सुटतं, कुणाच्या हुकमानं सुटतं, किती तास चालतं, हे कुणी विचारत नाही. नदी म्हणजे पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात वाळू, अशी आपली ठाम समजूत. मधल्या काळात तिचं वेळापत्रक वीज कंपनी आणि पाटबंधारे खातं ठरवतं, हे ध्यानात येतं ते कुणी बुडाल्यावरच.

आता कोलितमाऱ्याला पेंच नदीवर वनविभागाची बोट चालते, अंभोऱ्याला गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यावर गर्दी होते आणि नागपूरची पोरं रेल्वेनं रात्रभर प्रवास करून कोलाडला राफ्टिंगला जातात. धरणाचं पाणी आणि माणसाची मौज एकाच पात्रात आली आहे. तेव्हा या विषयावर जे ठोकून दिलं जातं, ते एकदा तपासलेलं बरं.

गैरसमज : वीज काढली की पाणी खर्च झालं

जुन्या मंडळींत अजूनही ऐकू येतं की, पाण्यातली वीज काढून घेतली की त्यात दम राहत नाही, असलं पाणी पिकाला काय कामाचं! शिकलेले लोक यावर हसतात. मात्र तेच लोक ‘वीजनिर्मितीसाठी इतके दलघमी पाणी वापरले’ ही बातमी वाचून हळहळतात. चूक दोन्हीकडे एकच आहे.

टर्बाइन पाणी पीत नाही. पाण्याची उंची तेवढी घेतं. तोतलाडोहच्या विद्युतगृहात 80 मेगावॅटचे दोन संच आहेत, एकूण 160 मेगावॅट. 1986-87 च्या सुमारास ते सुरू झाले. वीज दोन वाटे मध्य प्रदेशाला आणि एक वाटा महाराष्ट्राला. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेलं पाणी पेंचच्या पात्रातून खाली नवेगाव खैरीच्या धरणात येतं. तिथून उजव्या कालव्यानं निघतं, महादुल्याला पंपांनी उचललं जातं, गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रांत जातं आणि मग आपल्या नळाला येतं. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रंही पेंचचं पाणी घेतात, पारशिवनी-रामटेक-मौद्याच्या धानालाही तेच मिळतं. म्हणजे नागपूरकराच्या सकाळच्या चहातलं पाणी बहुतेक वेळा आधी वीज करून आलेलं असतं. चहाला त्यानं काही कमी पडल्याचं ऐकिवात नाही.

याला अपवाद आहे आणि तो मोठा आहे. पाणी एका खोऱ्यातून उचलून दुसऱ्या खोऱ्यात टाकलं तर पहिल्या खोऱ्यापुरतं ते गेलंच. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला लागलं असतं, ते कोकणात जातं. तिथं ‘खर्च’ हा शब्द बरोबर आहे. पेंचच्या बाबतीत नाही. ही दोन उदाहरणं एका मापानं मोजली की चर्चा भरकटते.

गैरसमज : कोलाडची कुंडलिका बारमाही वाहते, म्हणून तिथं राफ्टिंग चालतं

कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीवरून उतरतात, चाळीस-पन्नास मैलांत समुद्र गाठतात आणि दिवाळीनंतर खडक उघडे पाडून बसतात. कुंडलिकाही तशीच राहिली असती. एप्रिल-मेमध्ये तिच्यात फेसाळतं पाणी दिसतं याचं कारण घाटाच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात आहे.

मुळा नदीवरचं मुळशी धरण टाटांनी बांधलं ते मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्यांच्या विजेसाठी. 1921 पासून मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. जमिनी गेल्या त्या गेल्याच. 1927 मध्ये भिरा विद्युतगृह सुरू झालं. मुळशीचं पाणी बोगद्यातून आणि पाइपांतून सुमारे पाचशे मीटर खाली येतं, भिऱ्याला वीज करतं आणि कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरतं. पुढं त्याच पाण्यावर महानिर्मितीचं 80 मेगावॅटचं आणखी एक विद्युतगृह रवाळज्याला चालतं. तिथून सुटलेलं पाणी पात्रात पडतं. खाली डोळवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडवून रोहा-माणगावच्या कालव्यांना आणि रोह्याच्या औद्योगिक वसाहतीला देतात.

राफ्टिंग होतं ते रवाळजे आणि डोळवहाळ या दोन ठिकाणांच्या मधल्या बाराएक किलोमीटरच्या पट्ट्यात.

सकाळी साजे गावाच्या बाजूला काठावर उभं राहिलं तर हे सारं उघड्या डोळ्यांनी दिसतं. रबरी राफ्ट रांगेत कोरड्या गोट्यांवर ठेवलेले. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट चढवलेली माणसं जमिनीवरच वल्ही धरून ‘फॉरवर्ड’, ‘बॅकवर्ड’, ‘गेट डाउन’ची तालीम करतायत. नदीत मात्र डबकी आणि त्यांना जोडणारी चिंचोळी धार. खडकांवर कालच्या पाण्याची ओली-काळी रेघ गुडघाभर वर दिसते. गाइडची नजर गिऱ्हाइकावर नसते, त्या रेघेवर असते. मग वरून पाणी येतं. सिनेमातल्यासारखी भिंत वगैरे येत नाही. आधी धारेचा आवाज बदलतो, पाचोळा आणि फेस वाहून येतो, मग डबकी एकमेकांना मिळतात आणि बघता बघता पाणी रेघेला टेकतं. गाइड म्हणतो, ‘चला, पाणी आलं.’ विद्युतगृह बंद झालं की काही वेळानं हेच उलट क्रमानं होतं, आणि मागं राहिलेला राफ्ट दगडांत अडकतो.

तेव्हा कोलाडचं राफ्टिंग ही विजेच्या मागणीची सावली आहे. ज्या दिवशी संच चालला नाही त्या दिवशी राफ्टवाल्याचा धंदा बुडाला. त्याच्यासाठी एक थेंबही वेगळा सोडला जात नाही. जे पाणी जाणारच होतं, त्यावर तो बसतो.

यात एक काळजी आहे आणि ती फार कुणी बोलून दाखवत नाही. जलविद्युत संच काही मिनिटांत पूर्ण भार घेतो, कोराडीसारख्या औष्णिक केंद्राला थंड अवस्थेतून उठायला कित्येक तास लागतात. म्हणून मागणीच्या चढत्या वेळेला पाण्याची वीज हाताशी ठेवतात. आता दुपारची वीज सौरपॅनेल देऊ लागली आहेत. ती जसजशी वाढेल तसतसा पाण्याची वीज संध्याकाळी, दिवेलागणीनंतर काढण्याकडे कल जाईल. विजेच्या हिशेबानं ते शहाणपणाचंच आहे. पण अंधारात राफ्ट कोण सोडणार? कोलाडच्या पोटापाण्याचा प्रश्न उद्या उभा राहिला तर त्यामागं दुष्काळ नसेल, बदललेलं घड्याळ असेल.

गैरसमज : दरवाजे बंद आहेत, म्हणजे नदी शांत आहे

हा सगळ्यांत घातक समज. मी तर म्हणेन, बाकीचे सगळे विसरलात तरी चालेल, हा तेवढा डोक्यातून काढा.

धरणातून पाणी बाहेर पडायला दोन मोठे रस्ते असतात. एक सांडव्यावरचे दरवाजे, जे पावसाळ्यात उघडतात. दुसरा टर्बाइनचा, जो हिवाळ्या-उन्हाळ्यात, निरभ्र आकाशाखाली, रात्री-बेरात्री कधीही सुरू होतो. हा दुसरा रस्ता केवढा असतो? ढोबळ हिशेब करू. पाणी साठ मीटरवरून पडतं असं धरलं, तर 160 मेगावॅट वीज काढायला सेकंदाला साधारण 300 घनमीटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजार क्युसेकच्या घरात. सेकंदाला तीन लाख लिटर! एकही दरवाजा न उचलता.

7 एप्रिल 2005. देवास जिल्ह्यात नर्मदाकाठी धाराजीला भूतडी अमावास्येची जत्रा भरली होती. हजारो लोक वाळूत, खडकांवर मुक्कामाला होते. वर इंदिरासागर धरणाच्या विद्युतगृहातून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटलं आणि रात्रीच्या अंधारात नदी चढली. साठाहून अधिक माणसं वाहून गेली. धरणवाल्यांचं म्हणणं असं की, जत्रा आहे हे आम्हाला कळवलं नव्हतं. जत्रा मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी, त्याच तिथीला भरत आलेली. नदीकाठच्या पंचांगात अमावास्या होती, विद्युतगृहाच्या पंचांगात नव्हती.

8 जून 2014 ला हिमाचलात बियास नदीवर याची दुसरी बाजू दिसली. हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीला गेले होते, थलौटजवळ नदीपात्रात उतरून फोटो काढत होते. वर लारजीच्या जलविद्युत प्रकल्पाला वीजनिर्मिती कमी करायला सांगण्यात आलं होतं. टर्बाइनमधून जायचं पाणी साचू लागलं, ते दरवाज्यांतून सोडलं गेलं. 24 विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा सहलीचा माणूस गेला. त्या मुलांनी पाऊस पाहिला नव्हता, पूर पाहिला नव्हता. त्यांचा जीव गेला तो वीज ग्रिडला नको होती म्हणून.

धाराजीला वीज हवी होती म्हणून नदी वाढली, लारजीला नको होती म्हणून. काठावरच्या माणसाला दोन्हींतलं एकही कळण्याची सोय नव्हती. भोंगा वाजतो असं सांगतात. वाजतोही. पण भोंग्याचा आवाज किती लांब जातो आणि खळाळत्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला तो केव्हा ऐकू येतो, याला मर्यादा आहे. शिवाय भोंगा कशाचा आहे हे परगावच्या पाहुण्याला कोण सांगणार?

पेंचवर आपल्याला एक सवलत मिळालेली आहे. तोतलाडोहच्या टर्बाइनचा रोजचा चढउतार नवेगाव खैरीचं धरण पोटात घेतं. खालच्या कालव्यांना आणि शहराला समान धारेनं पाणी देणं हे त्याचं कामच आहे. म्हणून खैरीच्या खाली, पारशिवनीपासून बिना संगमापर्यंत, टर्बाइनचा लोंढा उतरत नाही. तिथं उन्हाळ्यात पेंच जवळजवळ कोरडीच असते आणि भीती असते ती पावसाळ्यातल्या दरवाज्यांची. अचानक पाणी वाढण्याचा धोका आहे तो दोन धरणांच्या मधल्या, जंगलातल्या पट्ट्यात. कोलितमारा याच पट्ट्यात येतो. तिथं बोटीत बसणं आणि तिथून वर चालत जाऊन खडकांवर पाय सोडून बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत तुमच्यासोबत पाणी ओळखणारा माणूस असतो.

गैरसमज : नदीत कुणी बुडालं की धरणानं पाणी सोडलं असणार

वाकीला कन्हानच्या डोहात नागपूरची पोरं बुडाल्याच्या बातम्या येत राहतात, आणि खाली प्रतिक्रिया येते की, वरून पाणी सोडलं असेल. पेंच कन्हानला मिळते ती वाकीच्या बरीच खाली, बिना संगमाजवळ. तोतलाडोहचं पाणी वाकीला पोचूच शकत नाही. तिथं मारतो तो डोह, वाळूखालची खोली आणि पोहायला न येणाऱ्याची हिंमत. धरणाला जबाबदार धरायचं तिथं जरूर धरा, पण पत्ता तपासून.

गैरसमज : पर्यटनाला पाणी दिलं तर नळाचं तुटेल

नागपूरकराला हे पटकन पटतं, कारण 2019 चा जुलै तो विसरलेला नाही. पाऊस लांबला, तोतलाडोह तळाला गेलं, मृतसाठ्यातून पाणी उचलावं लागलं आणि ज्या शहरानं पाणीटंचाई म्हणजे मराठवाड्याची गोष्ट असं मानलं होतं, त्या शहराला एक दिवसाआड पाणी आलं. वर छिंदवाडा जिल्ह्यात पेंचवरच चौराईचं धरण झाल्यानं येवा घटला, ही तक्रारही तेव्हापासून जोरात आहे. अशा वेळी ‘नौकाविहारासाठी पाणी’ म्हटलं तर लोक अंगावर येणारच.

पण नौकाविहार पाणी घेऊन जात नाही. राफ्टही नाही. प्रश्न प्रमाणाचा कमी, वेळेचा अधिक आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात गॉली नावाची नदी आहे, तिच्यावर समर्सव्हिल धरण. पूरनियंत्रणासाठी ते दरवर्षी शरदात बरंचसं रिकामं करावंच लागतं. पूर्वी पाणी सोयीनं सोडलं जाई. 1986 मध्ये तिथल्या संसदेनं कायदा करून राफ्टिंग हे त्या धरणाचं एक अधिकृत उद्दिष्ट ठरवलं, आणि तेव्हापासून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सलग सहा आठवडे, शुक्रवार ते सोमवार धरून, आधी जाहीर केलेल्या दिवशी पाणी सुटतं. धरण आधीही रिकामं होतंच होतं. कायद्यानं त्याला कॅलेंडर दिलं आणि त्या कॅलेंडरवर आजूबाजूच्या गावांचा हंगाम उभा राहिला.

कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरणाखाली उलट अनुभव होता. विजेच्या मागणीनुसार नदी दिवसात इतकी वर-खाली होई की, ग्रँड कॅन्यनमधल्या प्रवाशांच्या होड्या सकाळी वाळूत रुतलेल्या सापडत आणि काठाची वाळूच धुपून जाई. 1992 मध्ये कायदा झाला आणि 1996 पासून तासाला पाणी किती वाढवायचं, किती कमी करायचं, यावर पक्की मर्यादा आली. विजेचं थोडं उत्पन्न गेलं, पण ते उघडपणे मोजून सोडून दिलं.

आपल्याकडे यासाठी शून्यापासून सुरुवात करायची नाही. 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्याचं पाणी, उद्योग, शेती आणि जलविद्युत यांच्यामागून पर्यावरण आणि मनोरंजन यांचं नाव आलेलं आहे. नंतर शेती-उद्योगाचा क्रम बदलला. क्रमवारीत मौज खाली आहे, आणि ती खालीच असावी. 2019 सारख्या वर्षी बोटी काठाला लावाव्या लागल्या तर त्याबद्दल कुणी गळा काढू नये. पण चांगल्या वर्षी, जे पाणी कालव्याला सोडायचंच आहे, ते शनिवारी सकाळी दहाला सोडायचं की मंगळवारी पहाटे दोनला, एवढा विचार करायला एक थेंबही लागत नाही.

गैरसमज : धरण काठोकाठ भरलेलं असलं की सगळ्यांचं भलं

बोटवाल्याला भरलेला तलाव हवा. राफ्टवाल्याला वाहती नदी हवी. वीज कंपनीला उंची हवी, म्हणजे भरलेलं धरण, पण वीज काढायची तर ते उतरवावं लागतं. नदीच्या वाळूत डांगरवाडी लावणाऱ्या ढिवराला (मासेमाराला) हिवाळ्यात पात्र उघडं आणि स्थिर हवं, मधेच पाणी आलं तर वेलांसकट सगळं जातं. महापालिकेला जूनपर्यंत साठा हवा. आणि पूरनियंत्रण करणाऱ्याला ऑगस्टमध्ये धरणात रिकामी जागा हवी. ‘पर्यटन विरुद्ध वीज’ असा सरळ सामना कुठंच नाही. तलावावरचं पर्यटन आणि नदीतलं पर्यटन हेच एकमेकांच्या आड येतात.

रिकामी जागा नसली की काय होतं ते 2020 च्या ऑगस्टअखेर दिसलं. मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, चौराईतून पाणी सुटलं, तोतलाडोह आधीच भरत आलेलं. तोतलाडोहचे 14 आणि नवेगाव खैरीचे 16 दरवाजे उघडावे लागले. पेंच, कन्हान, पुढं वैनगंगा. तिकडून वैनगंगेवरच्याच संजय सरोवर धरणाचं पाणी. पारशिवनी, कामठी, मौदा, कुहीची गावं आणि सगळ्यांत जास्त भंडारा शहर पाण्यात गेलं. कोणत्या तारखेला धरण किती भरलेलं असावं याची परिचलन सूची प्रत्येक धरणाला असते. ती पाळायची तर ऑगस्टमध्ये तलाव थोडा उतरलेला दिसणार, आणि ‘पाणी उगाच सोडून दिलं’ असं म्हणणारे गावोगावी निघणार. त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याची हिंमत अधिकाऱ्यात पाहिजे.

गैरसमज : एवढं मोठं पाणी आहे, टाका बोटी

तोतलाडोहच्या विस्तीर्ण जलाशयाकडे पाहून हा विचार मनात येतो खरा. पण तो जलाशय राष्ट्रीय उद्यानाच्या आणि व्याघ्रप्रकल्पाच्या पोटात आहे. 1975 साली महाराष्ट्राच्या बाजूचं उद्यान जाहीर झालं, 1999 मध्ये व्याघ्रप्रकल्प. जंगलातून उठवलेल्या 305 कुटुंबांना मध्य प्रदेशानं याच पाण्यात मासेमारीचे परवाने दिले, तर ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1997 मध्ये कडक अटींसह सुटलं. ज्यांची पोटं त्या पाण्यावर होती त्यांना ओळखपत्र दाखवून आत जावं लागेल असं ठरलं, तिथं आपल्या सेल्फीला मोकळीक मिळावी ही अपेक्षा मला तरी निर्लज्जपणाची वाटते.

अंभोऱ्याची गोष्ट वेगळी. चैतन्येश्वराचं देऊळ, पाच नद्यांचा संगम, झुलता दिसणारा नवा पूल आणि गोसेखुर्दचा अथांग फुगवटा. जलपर्यटनाचा प्रकल्प सरकारनं तिथं हाती घेतला आहे आणि जागा त्याला शोभणारी आहे. अडचण पाण्याच्या प्रमाणाची नाही. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान तेच गोसेखुर्दच्या जलाशयात नेऊन ओतते. उन्हाळ्यात प्रवाह थांबला की पाणी हिरवं पडतं, ईकॉर्निया (जलपर्णी) पसरते. नाग नदीच्या शुद्धीकरणाचा सुमारे 1,900 कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. तो पूर्ण होण्याआधी आपण अंभोऱ्याला जेट-स्की चालवली, तर आपणच फ्लश केलेल्या पाण्याचे तुषार अंगावर घेऊ. गोसेखुर्दसाठी गावं सोडलेल्यांनी ते पाणी वर्षानुवर्षं सोसलं आहे, आपल्याला निदान पैसे मोजून सोसावं लागेल.

गैरसमज : हे सगळं ठरवणारं कुणीतरी असेलच

नाही. तोतलाडोहचं विद्युतगृह मध्य प्रदेशच्या वीज कंपनीकडे. संच केव्हा चालवायचा याचा हुकूम भारप्रेषण केंद्राचा, तेही जबलपूरला. कालव्याची आवर्तनं जलसंपदा विभाग आणि कालवा सल्लागार समिती ठरवते. पिण्याच्या पाण्याचा आग्रह महापालिकेचा. काठ वनविभागाचा. चौराईचे दरवाजे पुन्हा दुसऱ्या राज्याच्या हाती. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला आहे, पण तो आपत्तीसाठी. मंगळवारी दुपारी नेहमीसारखा सुरू होणारा संच ही कुणाच्याच लेखी आपत्ती नसते, आणि माणसं तर अशाच दिवशी पात्रात असतात.

समिती नेमा असं मी म्हणणार नाही, समित्या पुष्कळ आहेत. मागणी साधी आहे. दरवाज्यांच्या विसर्गाचे आकडे पावसाळ्यात रोज जाहीर होतात. तशीच टर्बाइनची उद्याची अंदाजे वेळ आणि विसर्ग बाराही महिने जाहीर व्हावा. मराठीत, हिंदीत, कोलितमाऱ्याच्या फाटकावर, पारशिवनीच्या बसथांब्यावर आणि मोबाइलवर. वेळ बदलली तर फलक बदलावा. कोलाडचा राफ्टवाला ही माहिती रोज फोन करून मिळवतोच, म्हणजे ती देता येते. ज्याचा धंदा नाही, जो नुसता दोन घटका पाण्यात पाय सोडायला आला आहे, त्यालाही ती मिळाली पाहिजे.

तोवर वाचकांनी एवढं करावं. विद्युतगृहाच्या खालच्या पात्रात मधल्या खडकांवर बसू नका, कितीही कोरडं दिसो. दगडांवर ओली रेघ तुमच्या गुडघ्याच्या वर दिसली तर ती जागा पाण्याची आहे असं समजा. आवाज बदलला, पाचोळा वाहत आला, तर चपला-पिशव्या तिथंच टाकून काठ गाठा. आणि उतरण्याआधी गावातल्या एखाद्या ढिवरभाऊला विचारा की, आज पाणी केव्हा येते जी? त्याला ते बहुधा माहीत असतं.